उत्तर दिसण्याआधी प्रश्न लिहून ठेवणं: श्रवणसंशोधनात पूर्वनोंदणी किती रुजली आहे?

जुलै २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘अचीव्ह’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. अमेरिकेतले ७० ते ८४ वर्षांचे ९७७ लोक, सगळ्यांना थोडं कमी ऐकू येणारं. निम्म्यांना श्रवणयंत्रं आणि ती वापरायचं मार्गदर्शन मिळालं, उरलेल्यांना आरोग्याविषयी सर्वसाधारण माहिती. तीन वर्षांनी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती किती घसरली ते मोजलं.

या एकाच निबंधातून दोन उलट मथळे काढता येतात. ‘श्रवणयंत्रामुळे बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली’ हा एक. ‘श्रवणयंत्राचा बुद्धीवर परिणाम दिसला नाही’ हा दुसरा. दोन्हींना निबंधात आधार आहे. मग घरातल्या आजी-आजोबांसाठी यंत्र घ्यायचं की नाही या विचारात असलेल्या माणसाने कोणत्या मथळ्यावर भरवसा ठेवायचा?

याचं उत्तर कानाच्या शास्त्रात सापडत नाही. चाचणी सुरू होण्याआधी संशोधकांनी काय लिहून ठेवलं होतं, त्यात ते आहे. या लिहून ठेवण्याला पूर्वनोंदणी म्हणतात. वैद्यकीय चाचण्यांत ती सक्तीची झाली, मानसशास्त्रात तिची चळवळ झाली. श्रवणसंशोधनात मात्र ती एका दालनात, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांत पोचली, आणि शेजारच्या दालनात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत अजून पाहुणीसारखी उभी आहे. माझ्या मते तिची सर्वांत जास्त गरज त्या शेजारच्याच दालनात आहे.

पूर्वनोंदणी म्हणजे नेमकं काय?

संशोधक एखादा अंदाज बांधून काम सुरू करतो. या अंदाजाला गृहीतक म्हणतात. पूर्वनोंदणीत तो गृहीतक, किती लोक घेणार, त्यांच्यावर काय मोजणार, त्यातलं मुख्य मोजमाप कोणतं आणि हिशेब कोणत्या पद्धतीने करणार हे सगळं आकडे हाती येण्याआधी लिहितो आणि सार्वजनिक नोंदवहीत जमा करतो. त्यावर तारीख पडते. नंतर मूळ मजकूर गुपचूप बदलता येत नाही. बदल करायचा असेल तर त्यावरही तारीख पडते.

सामना सुरू होण्याआधी कोण जिंकणार ते कागदावर लिहून पाकीट बंद करणारा माणूस आणि सामना संपल्यावर ‘मला वाटलंच होतं’ म्हणणारा माणूस यांच्यात जो फरक आहे, तोच इथे आहे. दुसरा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं असं आता वाटत असतं. माणसाची आठवण निकालाच्या रंगात रंगते, आणि संशोधकही माणूसच असतो. म्हणून पूर्वनोंदणी ही चोर पकडायची युक्ती आहे असं समजू नका. ती मुख्यतः प्रामाणिक माणसाला स्वतःच्या मनापासून वाचवते.

एवढं काय बिघडतं, न लिहिल्याने?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसं आकड्यांतही घडतं. संशोधनात असा रिवाज आहे की खरा परिणाम नसताना इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल, तर तो फरक दखल घेण्याजोगा मानायचा. एकच प्रश्न एकदाच विचारला तर हा नियम बरा आहे. पण एकमेकांशी संबंध नसलेले वीस प्रश्न विचारले आणि त्या सगळ्यांचं खरं उत्तर ‘काही नाही’ असलं, तरी निदान एक तरी ‘सापडलं!’ असं निघण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के होते. त्या एकाचाच निबंध लिहिला आणि उरलेले एकोणीस टेबलाच्या खणात राहिले, तर वाचणाऱ्याला शोध लागल्यासारखं वाटतं.

यात दुसरी एक सवय मिसळते. आकडे पाहिल्यावर गृहीतक बनवायचं आणि निबंधात ते सुरुवातीपासूनच होतं असं लिहायचं. आधी कळस मग पाया. मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये या सवयीला नाव देऊन तिच्यावर सविस्तर लिहिलं, पण ती तेव्हाही जुनीच होती.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले, नियतकालिकांत छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निष्कर्ष आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत दखल घेण्याजोगा परिणाम होता, पुन्हा केलेल्यांत ३६ टक्क्यांत. त्या क्षेत्राला हा हादरा होता, आणि पूर्वनोंदणीची चळवळ तिथे जोराने वाढली त्यामागे तो होता.

कानाचा अभ्यास इतका निसरडा का?

श्रवणसंशोधन करणारे पुष्कळदा म्हणतात की आमचं शास्त्र मोजमापाचं आहे, मानसशास्त्रासारखं मतमतांतराचं नाही. डेसिबल म्हणजे डेसिबल. मला हे अर्धंच पटतं. मोजमाप काटेकोर आहे, पण कोणतं मोजमाप निवडायचं याला धरबंध नाही.

समजा, प्रश्न असा आहे: मोठ्या आवाजात बरीच वर्षं काढलेल्या तरुणांना गोंगाटात बोलणं समजायला जास्त त्रास होतो का? आता माणसाला कान दोन. डावा घ्यायचा, उजवा घ्यायचा, ज्याने जास्त चांगलं ऐकू येतं तो घ्यायचा की दोन्हींची सरासरी? हे चार पर्याय झाले. ऐकण्याची पातळी कोणत्या स्वरांवर मोजायची? ५००, १००० आणि २००० हर्ट्झ, की त्यात ४००० हर्ट्झही धरायचा, की त्याहून उंच स्वर पाहायचे? तीन पर्याय. गोंगाटातली चाचणी आकड्यांची, सुट्या शब्दांची की वाक्यांची? आणखी तीन. ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज २० डेसिबलपर्यंत असला तर ‘ऐकू येणं ठीक आहे’ म्हणायचं, की २५ पर्यंत असला तरी? दोन. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या आपल्या अहवालात ही रेघ २० वर आणली आहे. गुणाकार केला तर एकाच प्रश्नाच्या उत्तरापर्यंत जायला ७२ वाटा झाल्या. अजून वय, शिक्षण, आवाजाचा इतिहास कसा विचारला यांना हातही लावलेला नाही. या वाटा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या नाहीत, त्यामुळे मघाचा ६४ टक्क्यांचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही, पण धोका तोच आहे. शिवाय प्रत्येक वाट शास्त्राला धरूनच आहे. कोणतीही निवडली तरी समीक्षक, म्हणजे निबंध छापण्याआधी तो तपासणारा तज्ज्ञ, नाक मुरडणार नाही. अडचण नेमकी तिथेच आहे.

वर माणसं थोडी. एकाला आवाजबंद खोलीत बसवून तासन्‌तास चाचण्या घ्याव्या लागतात, म्हणून प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत बऱ्याचदा वीस-तीस जणच असतात. इतक्या थोड्या लोकांत योगायोगाने मोठा फरक दिसणं अजिबात अवघड नाही.

छुप्या श्रवणहानीची गोष्ट

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर छुप्या श्रवणहानीचा विषय घ्यावा. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांचं ऐकणं काही काळ मंदावलं आणि मग पूर्ववत झालं. नेहमीच्या चाचणीत सगळं ठीक. पण कानाच्या आत, आवाज टिपणाऱ्या पेशी आणि श्रवणाची नस यांना जोडणाऱ्या सांध्यांपैकी काही भागांत निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेले होते. भक्कम आणि डोळे उघडणारं काम होतं हे.

साहजिकच प्रश्न आला, माणसांतही असं होतं का? ‘चाचणीत सगळं नीट येतं, पण गर्दीत बोललेलं कळत नाही’ अशी तक्रार घेऊन येणारी माणसं श्रवणतज्ज्ञांना नवी नाहीत. त्यांचं कोडं यातून सुटेल अशी आशा होती. पण जिवंत माणसाच्या कानातले सांधे मोजता येत नाहीत, अप्रत्यक्ष खुणा शोधाव्या लागतात: आवाज ऐकवल्यावर डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून एकामागून एक विद्युत लहरी दिसतात, त्यांतल्या पहिल्या लहरीची उंची, दोन लहरींचं गुणोत्तर, गोंगाटात लहरीला होणारा उशीर, मधल्या कानाच्या स्नायूची प्रतिक्रिया, वाक्यांच्या चाचण्या. प्रत्येक खूण मोजायच्या पुन्हा निरनिराळ्या रीती.

२०१६ मध्ये लिबरमन यांच्या गटाला जास्त आणि कमी आवाजात वावरणाऱ्या तरुणांत फरक दिसला. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या गटाने, गॅरेथ प्रेंडरगास्ट यांच्या पुढाकाराने, ऐकणं ठीक असलेले १२६ तरुण तपासले. आयुष्यभर सोसलेला आवाज आणि त्या पहिल्या लहरीची उंची यांचा संबंध त्यांना आढळला नाही. त्यानंतर होकार आणि नकार दोन्ही येत राहिले. कुणी लबाडी केली असं मला म्हणायचं नाही. प्रश्न खरोखर अवघड आहे, आणि माणूस म्हणजे पिंजऱ्यातला उंदीर नव्हे. पण एखादा होकार आला की तो आधीच ठरवलेल्या मोजमापावर आला, की दहा खुणा पाहून झाल्यावर अकरावीवर, हे नोंद नसेल तर बाहेरच्या माणसाला कळायला मार्गच उरत नाही.

याच प्रेंडरगास्ट यांनी २०१९ मध्ये केविन मन्रो यांच्याबरोबर ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ऑडिओलॉजी’त पूर्वनोंदणीला प्रोत्साहन देणारं संपादकीय लिहिलं. २०२० च्या सुरुवातीला ‘इअर अँड हिअरिंग’ या नियतकालिकात मारिओ स्विर्स्की यांनीही संपादकीयातून सांगितलं की पूर्वनोंदणीची आणि खुल्या विज्ञानाची, म्हणजे आकडे आणि पद्धती सगळ्यांना पाहता येतील असं ठेवण्याची, वेळ आता आली आहे.

मग प्रमाण किती?

या दोन तारखांकडेच नीट पाहा. वैद्यकीय चाचण्यांसाठी अमेरिकेने ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ ही सार्वजनिक नोंदवही २००० साली उघडली. २००४ मध्ये बड्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी मिळून जाहीर केलं की १ जुलै २००५ नंतर सुरू होणारी चाचणी पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवली नसेल तर आम्ही ती छापणार नाही. मानसशास्त्रात ‘ओपन सायन्स फ्रेमवर्क’ हे पूर्वनोंदणीचं संकेतस्थळ चालवणारी संस्था २०१३ मध्ये उभी राहिली, आणि ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकाने २०१४ पासून पूर्वनोंदणी केलेल्या निबंधांवर बिल्ला छापायला सुरुवात केली. श्रवणशास्त्राच्या नियतकालिकांना हा विषय संपादकीयात समजावून सांगावा लागला तो २०१९-२० मध्ये. जे अंगवळणी पडलेलं असतं त्याच्यासाठी कुणी आर्जव करत नाही.

शेजारच्या क्षेत्राला तरी हे कितपत जमलं? टॉम हार्डविक आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले निबंध यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून एकेक तपासले. २०१४ ते २०१७ या काळातल्या निबंधांत पूर्वनोंदणीचं प्रमाण ३ टक्के निघालं. २०२२ मधल्या निबंधांत ते ७ टक्के, आणि नावाजलेल्या नियतकालिकांपुरतं पाहिलं तर १४ टक्के. सामाजिक शास्त्रांतल्या २०१४ ते २०१७ च्या नमुन्यात पूर्वनोंदणी केलेला एकही निबंध नव्हता. चळवळीचं माहेरघर मानलं जाणाऱ्या क्षेत्राची ही गत आहे, हे लक्षात ठेवूनच श्रवणसंशोधनाला बोल लावावा.

श्रवणसंशोधनासाठी एकच आकडा काढणं मला चुकीचं वाटतं, कारण ते एक क्षेत्र नाही. एका टोकाला औषधं, शस्त्रक्रिया, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) आणि श्रवणयंत्रं यांच्या चाचण्या आहेत. त्यांना वैद्यकाचे नियम लागू होतात, म्हणून तिथे नोंदणी हा शिरस्ता आहे. दुसऱ्या टोकाला प्रयोगशाळेतलं काम आहे: गोंगाटात बोलणं कसं समजतं, ऐकताना मेंदूला किती कष्ट पडतात, स्वरांतला फरक कसा ओळखू येतो. तिथे सक्ती नाही आणि सवयही अजून व्हायची आहे. मधोमध आहे ते दोन श्रवणयंत्रांच्या किंवा त्यांच्या दोन सेटिंगच्या तुलनेचं काम. पुष्कळ संशोधक त्याला चाचणी न म्हणता नुसतं मोजमाप समजतात, आणि नोंदणी तिथेच निसटते.

मोजणीत आणखी एक गुंता आहे. ओपन सायन्स फ्रेमवर्कवर नोंद चार वर्षांपर्यंत झाकून ठेवता येते, आणि ‘अ‍ॅजप्रेडिक्टेड’ या दुसऱ्या संकेतस्थळावर लेखकाने उघड करेपर्यंत ती खाजगीच राहते. म्हणून नोंदवहीत ‘श्रवण’ असा शब्द टाकून सापडलेल्या नोंदी मोजणं म्हणजे गणना नव्हे. प्रसिद्ध झालेले निबंध उचलून एकेक वाचणं हीच खरी रीत.

सक्तीने फरक पडतो का?

पडतो, आणि तो सुखाचा नसतो. रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन यांनी २०१५ मध्ये अमेरिकी सरकारी निधीतून झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्या तपासल्या. २००० सालाआधीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा मुख्य फायदा दिसला होता. नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ चाचण्यांत. याला दुसरीही कारणं असू शकतात, पण इतकी मोठी घसरण विचारात पाडते.

मानसशास्त्रात याहून कडक पद्धत आहे, ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’. यात प्रयोग होण्याआधीच समीक्षक आराखडा तपासतात आणि नियतकालिक शब्द देतं की उत्तर काहीही येवो, आम्ही छापू. २०२१ च्या एका तुलनेत नेहमीच्या निबंधांपैकी ९६ टक्क्यांत पहिलं गृहीतक खरं ठरलं होतं, रजिस्टर्ड रिपोर्टांपैकी ४४ टक्क्यांत. यातला थोडा फरक विषयांच्या निवडीमुळेही असेल.

कानाच्या बाबतीतही याची चव घेऊन झाली आहे. बहिरेपणात गेलेल्या पेशी पुन्हा वाढवण्याची आशा दाखवणाऱ्या ‘एफएक्स-३२२’ या औषधाने सुरुवातीच्या छोट्या अभ्यासात मोजक्या रुग्णांना शब्द जास्त ओळखू आल्याचं दाखवलं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत, आधीच जाहीर केलेल्या मुख्य मोजमापावर ते फेब्रुवारी २०२३ मध्ये अपयशी ठरलं, आणि बनवणाऱ्या कंपनीनेच तसं सांगितलं. वाट पाहणाऱ्यांच्या मनाला ते लागलं असणार. तरी वर्षानुवर्षं निरुपयोगी इंजेक्शनं कानात घेण्यापेक्षा हे बरं.

‘याने संशोधकाचे हात बांधले जातात’

ही हरकत सर्वांत जास्त ऐकू येते. अचानक काही वेगळं दिसलं तर त्याचं काय? ते जरूर पाहावं, जरूर छापावं. फक्त ‘हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं, आकड्यांत भटकताना सापडलं’ असं सांगावं. भटकंतीतून शोध लागतातच. भटकंतीला कसोटीचा मुखवटा घातला की गोंधळ होतो.

‘आमचे रुग्ण दुर्मीळ, आराखडा पाळणं शक्य नाही’ अशीही अडचण सांगितली जाते. जन्मतः बहिऱ्या मुलांवर इम्प्लांटचा अभ्यास करणाऱ्याला ठरवलेली ४० मुलं मिळत नाहीत, २२ मिळतात. हे खरं आहे. पण नोंद म्हणजे शपथ नव्हे. बदल केला, कारण दिलं, तारीख घातली की झालं. वाचणारा समजूतदार असतो.

एका हरकतीपुढे मात्र मी नमतं घेतो. ध्वनी आणि संवेदना यांच्या मूलभूत अभ्यासात एकेका माणसावर हजारो वेळा मोजमाप करतात, आणि परिणाम प्रत्येकात स्वतंत्रपणे दिसतो. पाचच माणसं असली तरी पाचही जणांत तेच दिसलं तर योगायोगाला फारशी जागा उरत नाही. तिथे पूर्वनोंदणीचा फायदा कमी आहे. पण ‘तरुण विरुद्ध वृद्ध’ किंवा ‘टिनिटस (कानात सतत आवाज येणं) असलेले विरुद्ध नसलेले’ अशी गटांची तुलना आली की ही ढाल चालत नाही.

आणि आधीच गोळा झालेले आकडे? यूके बायोबँकेसारख्या, ब्रिटनमधल्या लोकांच्या आरोग्याच्या माहितीच्या प्रचंड साठ्यात गोंगाटातले आकडे ओळखण्याची चाचणीही आहे. अशा साठ्यावरच्या अभ्यासाचीही नोंद करता येते, पण संशोधकाने त्यातलं काय आधी पाहिलं आहे ते सांगायला हवं. सांगितलं तरी ही नोंद कच्चीच राहते, कारण ‘पाहिलं नाही’ हे सिद्ध करता येत नाही.

नोंद केली म्हणजे झालं?

नाही. २०१५-१६ मध्ये बेन गोल्डेकर यांच्या गटाने पाच आघाडीच्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या ६७ चाचण्या त्यांच्या मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. ठरवलं तेच नीट सांगणाऱ्या फक्त ९ होत्या. बाकीच्यांत ठरवलेली मोजमापं गायब होती किंवा न सांगता नवी घुसवलेली होती. नोंद होती, पण ती उघडून कुणी पाहिली नव्हती. श्रवणसंशोधनात उद्या प्रत्येक निबंधावर नोंदणी क्रमांक आला आणि समीक्षकाने त्यावर क्लिकही केलं नाही, तर काय मिळवलं?

आता पुन्हा त्या दोन मथळ्यांकडे

अचीव्ह चाचणीची नोंद २०१७ मध्ये, पहिला माणूस घेण्याआधी झाली होती. मुख्य प्रश्न होता, सगळ्या ९७७ जणांत मिळून फरक दिसतो का. उत्तर आलं, नाही. दोन्ही गटांची घसरण जवळजवळ अगदी सारखी होती. हे मुख्य उत्तर आणि ते पहिलं.

४८ टक्के कुठून आले? चाचणीत दोन प्रकारचे लोक होते. ७३९ जण नव्याने आलेले, तुलनेने निरोगी स्वयंसेवक. २३८ जण हृदयरोगाच्या एका जुन्या दीर्घ अभ्यासातले, जास्त वयाचे आणि बुद्धीच्या घसरणीचा धोका जास्त असलेले. या दोघांचा हिशेब वेगवेगळाही करायचा हे आधीच ठरलं होतं, आणि ४८ टक्के हा त्या २३८ जणांतला आकडा आहे. तो आकड्यांत भटकताना हाती लागलेला नाही, म्हणून त्याला वजन आहे. पण तो मुख्य प्रश्नाचं उत्तरही नाही, म्हणून ते वजन मर्यादित आहे. ‘धोका जास्त असलेल्या वृद्धांत श्रवणयंत्रामुळे बुद्धीची घसरण मंदावते का?’ हा आता नव्याने, मुख्य प्रश्न म्हणून विचारायचा प्रश्न झाला.

आजोबांना बोलणं नीट ऐकू यावं म्हणून यंत्र घ्यायचं असेल तर या वादात अडकायचं कारण नाही, त्या कामासाठी ते उपयोगी आहेच. ‘डॉक्टर म्हणाले विसरभोळेपणा थांबेल’ एवढ्याच कारणाने घेत असाल, तर आजोबा त्या ७३९ जणांसारखे आहेत की २३८ जणांसारखे, हे डॉक्टरांना विचारा. नोंद नसती तर हा प्रश्न विचारायची सोयही तुमच्याकडे नसती.